वास येतो का

१४ एप्रिल २०२०, मंगळवार

भीमजयंती घरात. आयुष्यात पहिल्यांदा. दरवर्षी या वेळी मी मिरवणुकीत असतो, घसा बसलेला, शर्ट निळा झालेला. आज आईने आम्हा तिघांनाही सकाळी सकाळी पांढरे कपडे घालायला लावले आणि हॉलमध्ये बसवलं. टीपॉयवर बुद्ध आणि बाबासाहेब, दोन्ही फोटो. हार मिळाला नाही म्हणून गॅलरीतली सदाफुली. आमू म्हणाली, "पप्पा, यंदा फुलं फ्री."

बुद्धवंदनेला बाबा पुढे म्हणायचे, आम्ही सगळे मागे. डिसेंबरात ते गेले, तेव्हापासून आई पुढे म्हणते. दम्यामुळे तिचा सूर मध्येच तुटतो. आज मला म्हणाली, "तू म्हण रे पुढे." मी म्हटलं, पाठ नाही. पाठ आहे. लहानपणापासून आहे. चौथं शील म्हणजे खोटं बोलणार नाही, आणि ते येण्याआधीच मी खोटं बोलून मोकळा.

आईला मात्र खोटं जमतच नाही. भाजीवाल्याला तोंडावर सांगते, तुझी भेंडी जून आहे.

खीर झाली. काही वाटलं नाही. बाबा गेले तेव्हाही काही वाटलं नव्हतं. बाकीचे रडत होते आणि मी मांडववाल्याशी खुर्च्यांचं बोलत होतो. बायको, वैशाली, म्हणाली होती, आत्ता सुन्न आहात, वाटेल हळूहळू. बघू.


२६ एप्रिल, रविवार

कंपनी बंद. आमचीच नाही, एमआयडीसीतल्या औषधवाल्या एक-दोन सोडून सगळ्या. या पालेगावकडच्या बिल्डिंगमध्ये राहायला आल्यापासून एक नियम: अंधार पडला की खिडक्या लावायच्या. कंपन्यांचा वास येतो. सडकी अंडी आणि त्यात थोडं नेलपॉलिश. मी त्यातल्याच एका कंपनीत ऑपरेटर, त्यामुळे बिल्डिंगवाले वासाची तक्रार माझ्याकडे करतात, जणू मीच खिशातून आणून सोडतो.

आता खिडक्या सताड उघड्या. वै. म्हणते खालच्या मोगऱ्याचा वास वर येतो. खरंच येतो. मोगरा आहे हेच माहीत नव्हतं. आईला दम्याचा पंप कमी लागतोय. तिने आज खिडकीशी उभं राहून हात जोडले, म्हणाली, या बंदमध्ये कुणाचं तरी भलं झालं. वै. म्हणाली, "कुणाचं तरी काय, तुमच्याच फुप्फुसांचं."

मसाल्याचं यंदा राहिलं. मिरच्या कशाबशा मिळतील, पण कांडप बंद. बरणीत गेल्या वर्षीचा तळाला गेलाय.


७ मे, गुरुवार

बुद्धपौर्णिमा. पुन्हा पांढरे कपडे, पुन्हा खीर, पुन्हा सदाफुली. विहाराला कुलूप. भंतेजींनी फोनवरून सगळ्यांना आशीर्वाद दिला, नेटवर्कमुळे तो अर्धाच पोचला. आमू म्हणाली, उरलेला मेसेज करतील.

वै.ने दुपारी कपाट आवरायला घेतलं. बाबांचा मफलर धुवायला टाकला होता, आईने बादलीत जाण्याआधी उचलून परत कपाटात ठेवला. "तो धुवायचा नाही." नंतर मी एकटा असताना काढून नाकाला लावला. बाम आणि थोडी तंबाखू. बाबा जणू कपाटातच बसलेत. काही वाटलं नाही. पण वास होता.


१९ मे, मंगळवार

काही नाही. भांडी घासली. कढई आधी भिजवायची असते, हे वयाच्या सेहेचाळीसाव्या वर्षी लेकीने शिकवलं. दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाल्यापासून तिचा लॉकडाऊनवर राग नाही.

तिचं नाव बाबांनी ठेवलं. तिच्या आईचं वैशाली म्हणून तिचं आम्रपाली. बाबांना असलं जुळवायला आवडायचं. माझं नाव मात्र त्यांनी क्रिकेटवाल्यावरून ठेवलं होतं, ते आई आजही मान्य करत नाही.

सात वाजले की आईशेजारी वंदनेला बसतो. श्रद्धा वगैरे नाही. सात वाजता दुसरं काही नसतं. आमचा हॉल एवढासा, मांडीला मांडी लागते.


२ जून, मंगळवार

आईचा पंप संपत आला. इथे अंबरनाथला दोन-तीन मेडिकल फिरलो, नाही. स्कूटर काढून उल्हासनगरला. तिथे मेडिकलबाहेर ही गर्दी. अंतर राखायला चुन्याची वर्तुळं काढलीत, आणि एकेका वर्तुळात तिघं. मागचा माणूस माझ्या मानेत खोकत होता. सिंधी मालक आतून ओरडला, "साईं, लास्ट पीस है, लेना है तो अभी बोलो." घेतला. शेजारच्या दुकानात चंदनाची अगरबत्ती पण मिळाली. आई दुसरी लावत नाही, बाबांची हीच.

घरी आल्यावर वै.ने मला, पंपाला आणि अगरबत्तीच्या पुड्यालाही सॅनिटायझर मारला. आईने पंप कपाळाला लावला. म्हणाली, "बरं झालं तू आहेस." असं ती कधी म्हणत नाही.


७ जून, रविवार

अंग मोडून आलंय. थोडा ताप. बुधवारी वादळात गच्चीवर टाकीचं झाकण धरायला गेलो आणि चिंब भिजलो, त्याचं. गोळी घेतली. दिवसभर झोपून. वै. म्हणाली, तुम्ही एरवीही झोपूनच असता, फरक कळत नाही.


९ जून, मंगळवार

ताप गेला. आमटीवरून भांडण. मी म्हटलं, मसाल्यात दम राहिला नाही, नुसतं पिवळं पाणी. वै. म्हणाली, "मग उद्यापासून तुम्ही करा." आई म्हणाली, "चांगली झालीय गं. जरा तिखटच आहे." मी मनात म्हटलं, म्हातारपणी जीभ अशी होते.

दोन मिरच्या कच्च्या खाल्ल्या. तोंड भाजलं, चव नाही. मिरच्याही लॉकडाऊनमधल्याच.


११ जून, गुरुवार

कंपन्या हळूहळू सुरू झाल्या. आमची अजून नाही. बिल्डिंगच्या ग्रुपवर तिसऱ्या मजल्यावरच्या म्हात्रेकाकांनी लिहिलं, "सुरू झाला तुमचा परफ्यूम." मी लिहिलं, "कसला वास? खिडकी उघडी ठेवून बसलोय. हवा एकदम स्वच्छ." त्यावर कुणीतरी लिहिलं, कंपनीने पगार दिलेला दिसतो. मग हसणारे चेहरे, पाच-सहा जणांचे.

जिन्यात म्हात्रेकाका भेटले. मास्क हनुवटीवर. हे मूळचे गावातलेच, जमीन बिल्डरला देऊन इथे आले. "तुजे नाकान काय बूच बसलाय का रं?" मी म्हटलं, "काका, तुम्हाला इतक्या वर्षांची सवय झालीय. वास नसला तरी येतो." ते पाय आपटत वर गेले.

घरात आलो तर वै. खिडक्या लावत होती. म्हात्र्यांची बाजू घेते! मी एक मुद्दाम उघडी ठेवली. तीन महिन्यांत या लॉकडाऊनने एकच चांगली गोष्ट दिली, ही हवा. तीही लोकांना सोसत नाही.


१२ जून, शुक्रवार

आज गंमत झाली. वंदनेच्या ऐन वेळी लाईट गेली. आमूने अंधारात चाचपडत अगरबत्ती लावली. मी डोळे मिटून बसलो होतो. थोड्या वेळाने वै. खोकायला लागली, मग आमू, मग आईचंही म्हणणं मध्येच थांबलं. मी तसाच. लाईट आली तेव्हा कळलं, पोरीने मच्छरांची अगरबत्ती लावली होती. हॉलभर धूर. आई पंप घेत हसत होती, हसत पंप घेत होती. बाबा गेल्यानंतर तिला असं हसताना पहिल्यांदा बघितलं.

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि हा बघा. हलला नाही. याचं मन लागलं वंदनेत. ह्याचे बाबा असेच, शेजारी फटाका फुटला तरी डोळे उघडायचे नाहीत." डोळ्यांत पाणी होतं, धुराचं असेल. मी म्हटलं, "मला तर छान वास आला." असंच, तिला बरं वाटावं म्हणून.

पण विचार करतोय. मला खरंच काही जाणवलं नव्हतं. एकाग्रता म्हणतात ती हीच का? इतकी वर्षं आम्ही उगाच अवघड समजत होतो.


१४ जून, रविवार

एकाग्रता नाही.

सकाळी वै.ने दूध गॅसवर ठेवलं, मला लक्ष द्यायला सांगून गच्चीवर गेली. मी ओट्यापाशीच स्टुलावर मोबाईल बघत होतो. ती जिन्यावरून धावत आली. दूध उतू जाऊन, आटून, टोप काळा. धूर. शेजारची दार वाजवत होती. "तुम्ही इथेच बसलात ना? वास नाही आला?" मी म्हटलं, नाही.

टीव्हीवर सांगत होते, वास आणि चव न येणं हेही आता लक्षणात धरलंय. आमूने माझ्याकडे बघितलं. मग तिने मला खुर्चीवर बसवून माझे डोळे रुमालाने बांधले आणि एकेक नाकाशी धरायला सुरुवात केली. "हे काय?" माहीत नाही. "हे?" माहीत नाही. हिंग, कांदा, बाम, फिनेल. प्रत्येक वेळी ती हसत नाव सांगायची. शेवटी भाजलेला बोंबील. "पप्पा, मजाक मत करो ना. बोंबील आहे हा." ती हसायची थांबली.

रुमाल काढला तर समोर आई. रोज जिच्या मांडीला मांडी लावून बसलो ती. तिच्यासाठी पंप आणायला गेलो, आणि बरोबर काय आणलं.

भीती वाटली. कित्येक महिन्यांनी काहीतरी वाटलं, तर हे.


१५ जून, सोमवार

डॉक्टरांनी लांबूनच ऐकलं आणि स्वॅबला पाठवलं. नाकात काडी पार मेंदूपर्यंत घातली, तीही कळली. म्हणजे नाक आहे जागेवर. नुसता वास नाही.

आत्तापासूनच बेडरूममध्ये वेगळा. आई बाहेरून म्हणाली, "मच्छरच्या अगरबत्तीने गेलं असेल रे नाक." ती गंमत करत होती का धीर देत होती, कळलं नाही.


१७ जून, बुधवार

पॉझिटिव्ह. पालिकेचा माणूस फोनवर म्हणाला, वेगळी खोली आहे का? आहे. संडास? दोन आहेत. मग घरीच राहा, म्हाताऱ्या माणसाला जपा. सोमवारी तिघींचे स्वॅब घेतील. आता म्हाताऱ्या माणसाला जपायचं म्हणजे काय करायचं, ते नाही सांगितलं.

जिन्याला बांबू. सगळी बिल्डिंग माझ्यामुळे बंद. ग्रुपवर कुणी काही बोललं नाही, ते जास्त लागलं. दुपारी म्हात्रेकाकांचा फोन. "मना काय ठावं, तुजा नाक खराच गेलाय." मग म्हणाले, "अंडी ठेवलीन दारान. आईला घाल." वै. म्हणाली, दाराबाहेर अंडी, लिंबं आणि पिशवीभर सुका जवळा. जवळ्याच्या वासाने आमू नाक धरून आत पळाली. मला तिचा हेवा वाटला.

सात वाजता आईने पाट माझ्या दाराबाहेर मांडला. मी दार अजिबात उघडत नाही. ती तिकडून म्हणते, मी इकडून. वै.ने तिला दोन हात मागे सरकवलं, ती म्हणे परत पुढे आली.


१९ जून, शुक्रवार

दिवसभर भिंत. बाबांचं कपाट याच खोलीत. दुपारी मफलर काढला. नाकाला लावला. काही नाही. नुसती लोकर. तोंड खुपसून जोरात श्वास घेतला, पुन्हा घेतला. नाही.

मग रडू आलं. फार रडलो. उशी तोंडावर घेतली होती तरी बाहेर ऐकू गेलं असणार, कारण आई दाराशी आली. "काय झालं?" मी म्हटलं, "बाबांचा वास येत नाही." सेहेचाळीस वर्षांचा माणूस. आईचा हात दारावर टेकल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "मफलर नीट घडी करून ठेव. तो कुठं जात नाही. नाक येईल परत." तिने मला खाली बसवून पाठ थोपटावी असं वाटलं. मध्ये दार होतं.

डिसेंबरात रडायचं ते आज झालं. आता थोडं हलकं आहे. परत सुन्न होईन बहुतेक.


२१ जून, रविवार

ग्रहण. बिल्डिंगमध्ये सगळ्यांच्या चुली बंद, शिजवलेल्यावर तुळशीपत्रं. आईने नेमका तेव्हाच चहा ठेवायला लावला आणि गॅलरीत उभी राहून, सगळ्यांना दिसेल असा प्यायला. दर ग्रहणाला करते. बाबा असते तर त्यांनी भजीही मागितली असती. मला दाराबाहेर कपात मिळाला. गरम एवढंच कळलं. तरी बरं वाटलं. चहा करणारं कुणी दाराबाहेर आहे, याबद्दल कुणाचे आभार मानायचे ते माहीत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

आई खोकतेय. काल इतकी नव्हती.

वंदना झाल्यावर मी आतून विचारलं, "आई, तुला अगरबत्तीचा वास येतोय ना?"

थोडी थांबली. मग म्हणाली, "येतो की. चंदनाचा."

मी सुटलो. खरंच, एवढं हलकं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. जेवलोही नीट.

जेवण झाल्यावर आमूचा मेसेज आला, बाजूच्याच खोलीतून. "पप्पा, चंदन कालच खतम. आज शेजारच्या काकूंची मोगरावाली लावली. आजीला सांगितलं नव्हतं. आपण काय करायचं?"

उत्तर लिहिलं नाही अजून.


२२ जून, सोमवार

सकाळी डॉक्टरांना फोन केला, सगळं सांगितलं. म्हणाले, स्वॅब आजच आहे ना, मग रिपोर्ट येऊ दे, दम लागला तर एक मिनिट थांबू नका. वै.लाही सांगितलं. ती म्हणाली, "सवयीने म्हणाल्या असतील हो. रोज चंदनच असतं." असेल. आईने आयुष्यात भेंडीवाल्यालाही सोडलं नाही.

तिघींचे स्वॅब नेले. नाकात काडी जाताना आई स्वॅब घेणाऱ्या मुलीला म्हणाली, "पोरी, सावकाश." मी दाराला कान लावून होतो.


२३ जून, मंगळवार

रिपोर्ट उद्या नाहीतर परवा. आईला ताप नाही. खोकला आहे, पण खोकला मला नेहमीचाच, असं ती म्हणते. आता ती म्हणते ते कसं ऐकायचं, तेच कळत नाही.

ग्रुपवर दुपारपासून आरडाओरडा. आज म्हणे कंपन्यांनी फारच घाण सोडलीय, डोळे चुरचुरतात. म्हात्रेकाका गॅलरीतून शिव्या देत होते. धडाधड खिडक्या लागल्याचे आवाज. मी माझी उघडली आणि गजांना नाक लावून उभा राहिलो. इतकी वर्षं त्या वासाला नावं ठेवली. आज आला असता तर बिल्डिंगभर पेढे वाटले असते.

नाही आला.

सात वाजता वंदना. आई दाराबाहेर, मी आत. कुठली अगरबत्ती आहे ते मी विचारलं नाही. पहिलं शील झालं, दुसरं, तिसरं. चौथं खोटं न बोलण्याचं, त्याला आई थांबली. वाटलं, दम लागला. वाट बघितली. पंपाचा आवाज नाही, खोकला नाही. आमू म्हणाली, "आजी, पुढचं?"

मग मी म्हटलं. आतून, मोठ्याने, बाबा पुढे म्हणायचे तसं. थोड्या वेळाने दारापलीकडून आई माझ्या मागे म्हणाली, अगदी हळू. पाचवंही मीच पुढे म्हटलं.

झाल्यावर ती म्हणाली, "पाठ आहे की तुला."

"आहे," मी म्हटलं.